मान्सून अंदमानात दाखल

आज सकाळी आईनं चहा देताना पेपर माझ्यापुढं सरकवला आणि पहिल्या पानावरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं, बोलली काहीच नाही. मान्सून अंदमानात दाखल. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ही बातमी येते, लहानपणापासनं वाचत आलोय, आणि आपल्याकडं तिचा अर्थ एवढाच की आता पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडं पण येणार, बियाणं आणा, पत्रे बघा, छत्र्या काढा. यंदा मात्र ती ओळ वाचली आणि मला आमच्या होस्टेलची मागची खोली दिसली, जिच्या दोन पत्र्यांना भोकं पडलीत आणि ज्याच्यावर ताडपत्री टाकतो म्हणून मी एप्रिलमध्ये शब्द दिला होता आणि ती टाकायची राहून गेली. चहा तसाच गार झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कोल्हापूरचा, जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलंच, घरातली आमची चौथी ख्रिस्ती पिढी. गेल्या ऑक्टोबरमध्ये मिशननं मला मध्य अंदमानात पाठवलं, मायाबंदरच्या अलीकडं एका वस्तीत, तिथं पोरांचं एक छोटं होस्टेल आहे, त्यांचा अभ्यास घ्यायचा, संडे स्कूल बघायचं आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, लागेल ती मदत करायची असं माझं काम. ताईच्या लग्नासाठी दोन आठवड्यांची सुट्टी मिळाली म्हणून आलोय, लग्न झालं, आता पाहुणे पांगलेत आणि सगळे तेच ते चार प्रश्न विचारतायत म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

जाताना मी विमानानं गेलो नाही, सामान लई होतं. मिरजेतनं रात्रीच्या गाडीनं बंगळूर, तिथनं चेन्नई, आणि चेन्नईतनं बोट. बोटीचे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. खाली बंक क्लासमध्ये एकावर एक लोखंडी बर्थ, डिझेलचा वास, आणि आजूबाजूला सगळी घरं निघाल्यासारखी माणसं, बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडची, कुणाकडं गादी, कुणाकडं कुकर, एकाकडं तर शिवणमशीन. ही सगळी माणसं तिकडं फिरायला चालली नव्हती, घरी चालली होती, आणि हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं की ज्याला आपण काळं पाणी म्हणतो ते कुणाचं तरी घर आहे. आपण म्हणजे महाराष्ट्रातली माणसं, आपल्याला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल, १९११ साली सावरकरांना तिथं नेलं, कोलू, बेड्या, एवढंच डोळ्यापुढं येतं. ते आहेच, ते मी बघितलं पण, त्या कोठडीपुढं उभा राहिलो तेव्हा बराच वेळ बोलायला झालं नाही. पण बोटीतल्या शेजारच्या बाईला मी म्हटलं की मी पहिल्यांदा जातोय, तर ती म्हणाली, अरे फिर तो मेहमान हो, आणि मला उलटी येत होती तेव्हा तिनं हातात अर्धं लिंबू दिलं, हुंगत रहा म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा रंग बदलला आणि सगळे वर डेकवर आले.

शहराचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, पण बस कंडक्टरपासनं सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. पुढची बस मिळायला एक दिवस होता, तर मी रॉस बेटावर जाऊन आलो, म्हणजे आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचं मुख्य ठाणं तिथं होतं, १८५८ पासनं ते जपानी येईपर्यंत जवळजवळ ८० वर्षं, बंगले, बेकरी, टेनिस कोर्ट सगळं, आणि एक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचं, चर्च. मी मुद्दाम तेच बघायला गेलो होतो. आमच्या कोल्हापूरच्या चर्चची मंडळी त्याच परंपरेतली, म्हणून वाटलं ओळखीचं काहीतरी दिसेल. दगडी भिंती उभ्या आहेत, छप्पर गेलंय, आणि वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं भिंतीवरनं अशी उतरलीत की दगड कुठला आणि मूळ कुठलं कळत नाही. तिथं हरणं फिरत होती. मी आत उभा राहून प्रार्थना केली पण मन लागलं नाही, सारखं वाटत होतं की इथं गाणारी माणसं कोण होती, ती साहेबलोकं होती, स्वतःसाठी बांधलं, स्वतःच बसली आणि एक दिवस निघून गेली, बेटावरचं कुणी त्यात नव्हतंच. मग आमच्या कोल्हापुरातलं वायल्डर मेमोरियल चर्च आठवलं. तिथं दर रविवारी बाकं भरतात, हार्मोनियम-तबल्यावर मराठी गीतं होतात, मागं पोरं दंगा करतात. दोन्ही चर्च साहेबांच्याच काळातली. एकात झाड उगवलं आणि एकात माझी आज्जी बसते, हा फरक कशानं पडला हा प्रश्न मी तिथनं घेऊन निघालो आणि खरं सांगायचं तर सात महिने तोच डोक्यात होता.

पहाटे ४ ची बस. अंदमान ट्रंक रोडनं जिरकाटांगपर्यंत यायचं, तिथं सगळ्या गाड्या थांबवतात, आणि मग पोलिसांच्या देखरेखीखाली काफिला करून एकदमच सोडतात कारण पुढं जारवा आदिवासींचं राखीव जंगल आहे. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. त्यानंतर मिडल स्ट्रेटला बस फेरीवर चढवतात, बससकट आपण खाडी ओलांडतो. पुढं परत जंगल. मायाबंदरला जाईतो दिवस जातो.

आता उकाडा. हा प्रश्न सगळ्यांचा पहिला. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३७-३८ ला जातो, तिथं ३२-३३ च्या पुढं फारसा जात नाही, त्यामुळं आकडा ऐकला की इथले लोक म्हणतात मग काय एवढं. पण आपल्याकडं घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो, आणि संध्याकाळी वारा सुटला की रंकाळ्यावर बसून माणूस दिवसभराचं विसरतो. तिथं हवेतच एवढं पाणी असतं की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो, रात्री पण २४-२५ च्या खाली उतरत नाही म्हणजे अंगाला सुटकाच नाही. पहिला महिना मला घामोळ्यांनी झोप लागली नाही. आंघोळ करून टॉवेलनं पुसेपर्यंत परत ओला. शर्ट दोरीवर दोन दिवस टांगला तरी दमटच, वहीची पानं मऊ पडतात, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कातडी कव्हरवर पांढरी बुरशी, रोज कापडानं पुसायचं.

आणि चपला. बाबांनी निघताना मला नवं कोल्हापुरी पायताण घेऊन दिलं होतं, चांगलं करकर वाजणारं, मी ते फक्त रविवारी उपासनेला घालायचं म्हणून खोलीत खिळ्याला अडकवून ठेवलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं परतीचा पाऊस असतो, म्हणजे त्यांच्यासाठी तो दुसरा पावसाळाच. दहाव्या दिवशी बघतो तर दोन्ही चपला हिरव्यागार. कातडं फुगलेलं, शिवण सुटलेली. मी ते हातात घेऊन पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. चपलेसाठी नव्हतं ते. बाबांनी तो जोड महाद्वार रोडला तीन दुकानं फिरून निवडला होता, मला घालून चालायला लावून आवाज ऐकला होता, आणि मला असं वाटलं की मी जे जे घेऊन आलोय ते सगळं इथं असंच होणार.

तेवढ्यात आयो आली. आयो म्हणजे आमच्या होस्टेलची स्वयंपाकीण, सगळी पोरं तिला आयो म्हणतात, त्यांच्या रांचीकडच्या सादरी बोलीत आयो म्हणजे आई. ती बघत उभी राहिली, मग चपला घेऊन गेली, चुलीच्या वर जिथं सुकी मासळी टांगतात तिथं धुरावर बांधल्या. आठवड्यानं परत दिल्या. रंग काळा पडला होता, मासळीचा वास होता, पण बुरशी परत आली नाही. मी लग्नात त्याच घातल्या, आईनं लई विरोध केला तरी.

तिथं स्थिरावणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी सूर्यापासनं सुरुवात करीन. कोल्हापूर आणि मायाबंदरच्या रेखांशात साधारण साडेअठरा अंशांचा फरक आहे, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं सव्वा तास. पण घड्याळ तेच. नोव्हेंबरात ५ वाजले की तिथं सूर्य मावळलेला असतो आणि पहाटे साडेपाचला लख्ख. मी इथनं टाइमटेबल बनवून घेऊन गेलो होतो, सकाळी ६ ला प्रार्थना, रात्री ८ ते ९:३० अभ्यास, लॅमिनेट केलेलं. पहिले दोन आठवडे पोरं रात्री वहीवर डोकं टाकून झोपायची आणि मी त्यांना उठवायचो, रागवायचो पण, वाटायचं यांना शिस्त नाही. सकाळी ६ ला मी घंटा वाजवायचो तेव्हा ती पोरं दीड तास आधी उठून, पाणी भरून, कोंबड्या सोडून, अंगण झाडून बसलेली असायची. पाळकसाहेब, तिकडचेच आहेत, त्यांनी मला पंधरा दिवस काहीच म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी एवढंच म्हणाले, बाबू, यहाँ दिन जल्दी आता है. दुसऱ्या दिवशी मी अभ्यास पहाटे ४:३० वर नेला. तीच पोरं, तेच गणित, आणि आता उठवायला लागत नाही. मी त्या पोरांना नाहक बोललो होतो, त्याचं मला अजून वाईट वाटतं, त्यातल्या मोठ्या दोघांची मी माफी मागितली तेव्हा ती नुसती लाजून हसली.

लोक कोण हे सांगायला पाहिजे, कारण इथं सगळ्यांना वाटतं मी आदिवासींच्या जंगलात जाऊन धर्म शिकवतोय. आमच्या वस्तीतले बहुतेक रांचीवाले. १९१८ मध्ये इंग्रजांना जंगलतोडीला मजूर पाहिजे होते म्हणून छोटा नागपूरकडनं उराँव, मुंडा, खडिया लोकांना आणायला सुरुवात झाली, आणि त्यातले कितीतरी येतानाच ख्रिस्ती होते. जंगल त्यांनी तोडलं, रस्ते त्यांनी केले, आणि जमिनीचे कागद आजही कितीतरी घरांकडं नाहीत, हे मला फार लागतं. पलीकडं मायाबंदरच्या बाजूला करेन लोक आहेत, १९२५ ला ब्रह्मदेशातनं आलेले, वेबी म्हणून त्यांचं गाव आहे, ते बॅप्टिस्ट पंथाचे. खाली कार निकोबारला जॉन रिचर्डसन म्हणून निकोबारीच माणूस होऊन गेला, त्यानं नवा करार निकोबारी भाषेत आणला, पुढं बिशप झाला, आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेत या बेटांचा प्रतिनिधी म्हणून बसला. मी हे सगळं तिथं जाऊन शिकलो. म्हणजे मी ज्यांना शुभवर्तमान सांगायला निघालो होतो त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते पोटाशी बांधून बोटीतनं आणलं होतं.

पहिल्या रविवारी मला बोलायला उभं केलं. मी रात्र जागून हिंदीत संदेश तयार केला होता. आत गेलो तर दारातच एका म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, येसु सहाय. आपल्याकडं आपण नमस्कार म्हणतो, प्रभूची स्तुती असो म्हणतो, तिथं एकमेकांना भेटलं की येसु सहाय, येशू मदत करो. मग गाणी सुरू झाली, मांदर नावाचा मोठा ढोल, बायका एका बाजूला ओळीत, आणि तो आवाज असा काही छातीत आला की मी कागदावरनं चार ओळी वाचल्या आणि बसलो. मला सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं त्या दिवशी. पाळकसाहेब नंतर म्हणाले चांगलं बोललात. मला वाटतं ते मनापासनं म्हणाले.

मार्चमध्ये मी पडलो. थंडी वाजून ताप, रक्त तपासलं तर मलेरिया. माझी आज्जी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती, डॉक्टर वॉनलेसांनी सुरू केलेला तो. मी तिच्याकडनं जे ऐकत वाढलो त्यात मिशन म्हणजे कुणाच्या तरी उशाशी बसणं, कपाळावर हात ठेवणं, औषध पाजणं. त्या चित्रात मी कायम पलंगाच्या बाजूला उभा होतो, पलंगावर कधीच नव्हतो. आणि तिथं सहा दिवस मी पलंगावर. दहा वर्षांचं एक पोरगं माझे पाय दाबत होतं. आयो माड पाजत होती, भाताचं पाणी, मीठ घालून. तिसऱ्या रात्री ताप चढला तेव्हा मोठी पोरं आळीपाळीनं जागली, ओलं फडकं बदलत, आणि मला आठवतंय मी मराठीत काहीतरी बडबडत होतो आणि एक पोरगं त्याला सादरीत उत्तर देत होतं, अगदी समजल्यासारखं. पहिल्यांदा मला लाज वाटली, मी यांच्यासाठी आलो आणि यांच्यावरच भार झालो. ती लाज चौथ्या-पाचव्या दिवशी गेली. गेली म्हणजे तेवढी ताकदच उरली नव्हती, माणूस आजारपणात कुणाचं तरी ऐकायला लागतो. बरा झाल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन न विचारता पाट ओढून बसलो, आणि आयोनं न बघता माझ्यापुढं ताट ठेवलं. त्याच्या आधी पाच महिने ती मला ताट बाहेर टेबलावर आणून द्यायची, झाकून.

ताईच्या हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मित्र भेटले रंकाळ्यावर. भेळ घेतली, बसलो. एकजण शाळेपासनचा, तो म्हणाला, "भावा राग मानू नको, पण खरं सांग, किती जणांना बाटवलास?" बाकीचे गप्प झाले. मी राग मानला नाही, तो मनात ठेवून पाठीमागं बोलला असता त्यापेक्षा हे बरं. मी म्हटलं, "एकालाही नाही, आणि मला पाठवलंय ते त्यासाठी नाही, वीस पोरांना गणित शिकवतो, त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो, ज्याचं कुणी नाही त्याच्याकडं जाऊन बसतो. माझा विश्वास मी लपवत नाही, कुणी विचारलं तर तासभर बोलीन, पण कुणाच्या गरजेला हात घालून त्याचा देव बदलायचा हे मला पाप वाटतं." तो म्हणाला, "मग पैसे?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "एवढ्यात तर इथं खोली पण भाड्यानं मिळत नाय." मग दुसऱ्यानं विचारलं ते सेंटिनेलीजचं, बेटावर एकटे राहणारे आदिवासी, बाण मारतात ते, तिकडं गेलास काय.

याच्यावर मला जरा थांबून लिहायचंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ नावाचा अमेरिकन तरुण कायदा मोडून नॉर्थ सेंटिनेल बेटावर उतरला, त्यांना येशूबद्दल सांगायला, आणि मारला गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. मी आज २६ चा आहे. मी त्याच्याबद्दल हसत-खिदळत बोलू शकत नाही, त्याच्या मनात काय पेटलं असेल ते मला कळतं, मी पण लहानपणी मिशनऱ्यांच्या गोष्टी ऐकूनच मोठा झालो. पण तो चुकला असं मला स्पष्ट वाटतं. १९५६ पासनं कायदा आहे, त्या बेटाजवळ कुणी जायचं नाही, आणि त्याला कारण आहे. त्या लोकांच्या अंगात बाहेरच्या रोगांशी लढायची ताकद नाही, आपला साधा सर्दी-खोकला किंवा गोवर त्यांच्यातले किती जण नेईल सांगता येत नाही. इथल्याच ग्रेट अंदमानीज आदिवासींचं तेच झालं, इंग्रज आल्यावर रोगांनी ती माणसं अशी गेली की आज मोजकीच उरलीत. सेंटिनेलीजांनी वारंवार हातानं, बाणानं सांगितलंय, येऊ नका. ज्याच्यावर प्रेम आहे असं आपण म्हणतो त्याचं ‘नाही’ हे ‘नाही’च समजायचं, हे मला त्या जारवांच्या रस्त्यानं जाताना जास्त कळलं. पाळकसाहेबांनी बसमध्ये बसतानाच सांगितलं होतं, खिडकीतनं बघत बसू नका, ते त्यांचं अंगण आहे. मी तो अख्खा रस्ता समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसलो.

मित्रांना मी हे एवढं नीट सांगू शकलो नाही. भेळ संपली, विषय लग्नाच्या जेवणावर गेला.

परवाच्या रविवारी आज्जीबरोबर चर्चला गेलो. बऱ्याच दिवसांनी मराठी उपासना, डोळे भरून आले सारखे. आणि बसल्या-बसल्या वायल्डरसाहेबांचं नाव वाचलं, हजारदा वाचलेलं. रॉयल वायल्डर, अमेरिकेतल्या व्हर्माँटचे, म्हणजे जिथं हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. ते १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच जन्मला, १८६३ ला, आणि पुढं त्यानं अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांना मिशनच्या कामाला लावलं. आम्हाला संडे स्कूलमध्ये हे सगळं पाठ. त्यांनी काय दिलं ते पाठ, शाळा काढल्या, मुलींना शिकवलं. पण कालपरवापर्यंत मी कधी विचार केला नव्हता की कोल्हापुरातल्या त्या पहिल्या एप्रिलात त्या माणसाला घामोळ्या आल्या असतील काय. त्याच्या बायकोला ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं. कुणीतरी कोल्हापूरची बाई असणार, मराठीत बोलणारी, तिनं कण्हेरी पाजली असेल, तांदळाची पेज दिली असेल, तिचं नाव कुठल्या दगडावर नाही. मी आज्जीला हे कानात सांगितलं. ती म्हणाली, "होय की, कुणीतरी जेवायला घातलंच असणार, नायतर टिकलीच नसती ती माणसं इथं." आणि परत गीताच्या पुस्तकात बघायला लागली. रॉस बेटावर जो प्रश्न घेऊन निघालो होतो त्याला आज्जीचं हे वाक्य बसतं असं मला वाटतं. तिथं साहेबांना कुणाच्या घरी जेवायची गरज पडली नाही.

तर आज सकाळची बातमी. पेपर बाजूला ठेवून मी होस्टेलला फोन लावला. २०२० ला समुद्राखालनं केबल गेल्यापासनं पोर्ट ब्लेअरला नेट चांगलं झालंय पण आमच्या वस्तीत पावसात रेंज म्हणजे नशिबाचा भाग, सातव्या वेळी लागला. आयोनं उचलला. मागं पत्र्यावर एवढा आवाज की तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. मी विचारलं, मागची खोली? ती म्हणाली, "ताडपत्री तो लड़का लोग कल ही चढ़ा दिया बाबू, तू शादी अच्छे से कर के आ." मी म्हटलं शादी झाली. ती म्हणाली, मग फोटो पाठव. मग तिनं फोन बाहेर धरला, मला ऐकवायला, आणि मी स्पीकर सुरू केला. आमच्या स्वयंपाकघरात, जिथं बाहेर कडक ऊन आणि फॅन फुल्ल, तिथं तो पाऊस पडत होता. आई हातातलं लाटणं तसंच धरून ऐकत उभी राहिली. आज्जी आतनं म्हणाली, "कुठं पाणी गळालंय बघा गं."

आईनं फोन हातात घेतला. तिची हिंदी म्हणजे कोल्हापुरी हिंदी, आयोची म्हणजे सादरी हिंदी, दोघींना एकमेकींचं निम्मं कळत असेल. आईनं विचारलं, ये बराबर खाता है क्या, आयो म्हणाली पहले नहीं खाता था, अब खाता है. मग चटणीवर विषय गेला. जाताना आईनं मला अर्धा किलो कांदा-लसूण चटणी दिली होती, ती पोरांनी माड-भाताबरोबर दोन महिन्यात संपवली, आणि आयो त्यावरच बोलत होती, वो लाल वाला, उसमें क्या-क्या डालती हो. आई सांगत बसली, संकेश्वरी किती, ब्याडगी किती, खोबरं भाजून, कांदा उन्हात वाळवून. अर्धा तास.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "यंदाची चटणी कांडायची हायच, डंकावर दोन किलो जास्तीची टाकते, वीस पोरं हायत म्हणालास न्हवं?" मी म्हटलं आई बोटीत वजन होईल. ती म्हणाली, "मग कपडे कमी ने, तसे पण वाळत नाहीत म्हणतोस तिथं." दुपारी मी आणि बाबा मिरच्या आणायला मार्केटला गेलो. आता गच्चीवर पसरून ठेवल्यात, देठं खुडायचं काम माझ्याकडं आहे, बोटं जळजळतायत, म्हणून आज एवढंच टाइप करतो.